तूर : जनुकीय माहितीच्या सार्वजनिक भांडारात नेमका शोध कसा घ्यावा?

उमरगा परिसरात तूर प्रामुख्याने सोयाबीनमध्ये आंतरपीक म्हणून घेतली जाते. फुलोऱ्याच्या सुमारास झाडे वाळू लागली, की या वाणावर किंवा या बुरशीवर कुठे संशोधन झाले आहे का, असा प्रश्न कृषी सहायकांना विचारला जातो. याची माहिती सार्वजनिक जनुकीय भांडारात मोफत पाहता येते. मात्र शोध चुकला तर चुकीच्या नोंदीवरून चुकीचा सल्ला दिला जातो.

भांडार म्हणजे काय?
अमेरिकेतील एनसीबीआय संस्थेच्या 'एसआरए' भांडारात पिके, बुरशी, विषाणू इत्यादींच्या जनुकीय वाचनाचा कच्चा डेटा असतो. युरोप व जपानमधील भांडारांशी त्याची देवाणघेवाण होते, त्यामुळे एका ठिकाणी शोधले तरी चालते. भारताचे जैविक डेटा केंद्र २०२२ मध्ये फरिदाबाद येथे सुरू झाले. तुरीचा जनुकीय आराखडा इक्रिसॅटच्या नेतृत्वाखालील गटाने 'आशा' (आयसीपीएल ८७११९) या वाणावरून तयार केला. तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला.

शोधाच्या पायऱ्या

१. शास्त्रीय नाव वापरावे. तूर, अरहर, रेडग्राम अशी अनेक नावे आहेत. 'कजानस कजान' हे शास्त्रीय नाव रोमन लिपीत लिहून शोध 'ऑर्गॅनिझम' या रकान्यापुरता मर्यादित ठेवावा. तुरीचा वर्गीकरण क्रमांक ३८२१ आहे. त्याने शोधल्यास स्पेलिंगची चूक टळते.

२. प्रश्नानुसार डेटाचा प्रकार निवडावा. वाणांमधील फरक पाहायचा असेल तर डीएनए वाचन निवडावे. वांझ रोगाचा विषाणू आरएनए प्रकारचा असल्याने तो डीएनए वाचनात दिसत नाही. त्यासाठी आरएनए वाचनाच्या नोंदी पाहाव्यात.

३. रोगकारकाचा वेगळा शोध घ्यावा. मर रोगाची बुरशी 'फ्युजारियम उडम' आहे. प्रयोगशाळेत वाढवलेल्या बुरशीची नोंद बुरशीच्या नावाने, तर रोगट झाडाच्या नमुन्याची नोंद बहुधा तुरीच्या नावाने असते. दोन्ही ठिकाणी पाहावे.

४. वाणाचे नाव वेगवेगळ्या प्रकारे लिहावे. 'बीडीएन ७११' हे नाव जोडून, मध्ये जागा सोडून आणि आडवी रेघ देऊन, असे तिन्ही प्रकारे शोधावे. 'आशा'साठी दोन्ही नावे वापरावीत.

५. नमुन्याची नोंद वाचावी. वाण, झाडाचा भाग, ठिकाण व नमुना घेतल्याची तारीख तपासावी. हे रकाने रिकामे असतील तर त्या नोंदीवरून निष्कर्ष काढू नये.

६. क्रमांक टिपून ठेवावा. 'एसआरपी'ने सुरू होणारा क्रमांक संपूर्ण अभ्यासाचा, तर 'एसआरआर'ने सुरू होणारा एका वाचनाचा असतो. मूळ फाइल अनेक जीबीची असू शकते, त्यामुळे आधी फक्त नमुन्यांचा तक्ता उतरवून घ्यावा.

मर्यादा लक्षात घ्याव्यात

• एखाद्या वाणाच्या नोंदी जास्त आहेत म्हणजे तो रोगप्रतिकारक आहे, असे नाही. नोंद नाही म्हणून वाण कमजोरही ठरत नाही.
• मर रोगाच्या बुरशीचे वेगवेगळे प्रकार आहेत, त्यामुळे एका भागात टिकणारा वाण दुसऱ्या भागात बळी पडू शकतो. वाणाची प्रतिकारशक्ती रोगग्रस्त जमिनीतील चाचणीतूनच कळते.
• बियाणे निवडताना वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची शिफारसच आधार मानावी.

शोधाआधी शेतात पाहणी करावी
वाळणाऱ्या झाडाचे खोड उभे चिरून पाहावे. आत तपकिरी-काळ्या रेषा दिसल्यास मर रोगाची शक्यता असते. झाड हिरवे व झुडपासारखे राहून पानांवर फिकट-गडद हिरवे चट्टे असतील आणि फुले-शेंगा लागत नसतील, तर वांझ रोगाचा संशय घ्यावा. हा रोग अतिसूक्ष्म कोळीमार्फत पसरतो. खात्रीसाठी मुळासह ताजे रोगट झाड तुळजापूर येथील कृषी विज्ञान केंद्रात दाखवावे. रोग नक्की झाल्यावरच भांडारात शोध घ्यावा.