पायांवरील गांठी व त्यांचा इतिहास

राजांच्या मुकुटांचा इतिहास पुष्कळांनीं लिहिला आहे. परंतु ज्या पायांनीं घाट चढले गेले, शेतें नांगरलीं गेलीं आणि यात्रा घडल्या, त्या पायांच्या इतिहासाकडे फारसें कोणी वळलें नाहीं. वास्तविक मनुष्य कशावरून चालला, किती चालला आणि पायांत काय घालून चालला, ह्याचा दाखला त्याच्या तळव्याच्या कातडीवर उमटलेला असतो. कुरूप, भोवरी, घट्टा, चामखीळ हे शब्द प्रत्येक घरांत परिचित आहेत. पण पायांवरील सर्व गांठी एकाच जातीच्या मानून त्यांवर एकच उपाय करण्याची खोड अद्याप गेलेली नाहीं. ह्या गांठी कशा उत्पन्न होतात आणि त्यांविषयींचें ज्ञान कोणत्या वाटेनें आपणांपर्यंत आलें, हें येथें थोडक्यांत पाहण्याचा आमचा विचार आहे.

ह्या विचारास नाशिक जिल्ह्यांतील कळवण तालुका फार सोयीचा आहे. गिरणेच्या खोऱ्यांतील ह्या तालुक्याचा पश्चिम भाग डोंगराळ असून तेथें कोकणा, भिल्ल आदि आदिवासींची वस्ती आहे. सपाटीवर कांद्याचें पीक होतें. नांदुरी गांवाच्या वर सप्तशृंगीचा गड आहे. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेस खानदेशांतून सहस्रावधि लोक पायीं येतात, आणि त्यांतील कित्येक नवसापोटीं अनवाणी चालतात. एकाच भूमीवर दोन तऱ्हेचे पाय येथें पाहावयास मिळतात: बारा महिने दगडधोंड्यांत वावरणाऱ्याचे, आणि वर्षांतून एकदांच लांबचा पल्ला गांठणाऱ्याचे.

ह्या दोहोंच्या पायांवर दोन निराळे परिणाम होतात. कातडीच्या एकाच जागीं रोज थोडथोडा दाब पडत राहिला, तर ती स्वसंरक्षणार्थ जाड होते; हा घट्टा. हीच जाडी एका बिंदूपाशीं जमून खुंटीसारखी आंत शिरली, म्हणजे कुरूप होतें. उलट, जें घर्षण अंगवळणीं पडलेलें नाहीं तें थोड्या वेळांत फार झालें, तर कातडीचे थर एकमेकांपासून सुटून मध्यें पाणी भरतें, हा फोड. घट्टा हें दीर्घ संवयीचें चिन्ह आहे, तर फोड हें आकस्मिक श्रमाचें.

आपल्या प्राचीन वैद्यांनीं हा विषय क्षुल्लक मानलेला नव्हता. सुश्रुतसंहितेंत क्षुद्ररोगांच्या प्रकरणीं 'कदर' नांवाची गांठ सांगितली आहे. पायास खडे रुतल्यानें अथवा कांटा बोंचल्यानें ती होते, ती खिळ्यासारखी कठीण व बोराएवढी असते, असें तिचें वर्णन असून, ती शस्त्रानें काढून तापलेल्या तेलानें ती जागा डागावी, असा उपाय दिला आहे. फार चालणाऱ्याच्या तळव्यांस पडणाऱ्या भेगा आणि चिखलानें होणारा बोटांमधला क्षोभ हेही तेथें स्वतंत्रपणें नोंदले आहेत. त्याच प्रकरणांत 'वल्मीक' म्हणून एक गांठ आहे. ती वारुळाप्रमाणें हळूहळू वाढते व तिला अनेक तोंडें फुटतात. हातापायांवर सूज येऊन पुष्कळ छिद्रें पडलीं असतील, तर जाणत्या वैद्यानें तो रोगी असाध्य समजावा, असें ग्रंथकार सांगतो.

हें वर्णन वाचतांना एका अर्वाचीन रोगाची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. मदुरा येथील पाश्चात्त्य वैद्यांनीं १८४२ च्या सुमारास पायाच्या एका विलक्षण रोगाची नोंद केली. त्यांत पाय सुजून गांठाळ होतो, त्यास भोंकें पडतात आणि पुवाबरोबर काळे किंवा पांढरे कण बाहेर येतात. ह्या रोगाचा सांगोपांग अभ्यास आपल्या मुंबई इलाख्यांत झाला, ही गोष्ट मराठी वाचकांस फारशी ठाऊक नसावी. ग्रे ह्यांच्या सुप्रसिद्ध शारीरग्रंथाचीं चित्रें काढणारे हेन्री व्हँडाइक कार्टर १८५८ सालीं मुंबईस आले व ग्रँट मेडिकल कॉलेजांत शिकवूं लागले. पुढें साताऱ्यासही ते सरकारी डॉक्टर होते. हा रोग बुरशीपासून होतो असें प्रतिपादून त्यांनीं त्यास 'मायसेटोमा' हें नांव दिलें आणि १८७४ सालीं त्यावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. ह्या रोगाचा एक प्रकार बुरशीमुळें व दुसरा जंतूंमुळें होतो, हें पुढील संशोधनानें ठरलें. दोन्ही मातींतून, बहुधा कांट्याच्या जखमेवाटे, अनवाणी पायांत शिरतात. जंतूंच्या प्रकारावर प्रतिजैविकें चांगलीं लागू पडतात. बुरशीच्या प्रकारास दीर्घकाळ औषध आणि पुष्कळदां शस्त्रक्रियाही लागते. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१६ सालीं ह्यास दुर्लक्षित रोगांच्या यादींत स्थान दिलें. ह्याच्या आरंभींची गांठ दुखत नाहीं, हाच ह्यांतील मोठा धोका आहे. दुखत नाहीं म्हणून शेतकरी ती दाखवीत नाहीं, आणि दाखवितो तेव्हां रोग हाडापर्यंत पोंचलेला असतो.

बूट घालणारे मात्र सुरक्षित, असें कोणी समजूं नये. टांचेच्या मागील बाजूस कठीण बुटाची कड घासून तेथें जो उंचवटा येतो, त्यास हॅग्लुंड ह्या स्वीडिश शस्त्रवैद्याचें नांव मिळालें आहे. तळव्याच्या कमानींत होणारी घट्ट गांठ लेडरहोज ह्या जर्मन शस्त्रवैद्यानें वर्णिली. ती निरुपद्रवी असते, पण कापली तर पुन्हां उद्भवण्याचा संभव असल्यानें तिजवर घाईनें शस्त्र चालवीत नाहींत. तात्पर्य, अनवाणी पायास भूमि छळते आणि सुखवस्तु पायास चांभारकाम छळतें.

कळवणच्या पायांचा अगदीं अलीकडील इतिहास साऱ्या देशानें पाहिला आहे. ६ मार्च २०१८ रोजीं नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा मोर्चा सुमारें १८० किलोमीटर चालून १२ मार्च रोजीं मुंबईंत आझाद मैदानावर पोंचला. त्याच्या पुढाऱ्यांत कळवणचे तत्कालीन आमदार जिवा पांडू गावित हे होते. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणें कसत असलेल्या जमिनीचे पट्टे मिळावे, ही आदिवासींची एक मुख्य मागणी होती. दहावीच्या परीक्षार्थींस त्रास होऊं नये म्हणून मोर्चेकरी शेवटच्या रात्रीं चालत राहिले. त्यांच्या फोडांनीं सोललेल्या तळव्यांचीं छायाचित्रें घरोघर पोंचलीं, आणि मुंबईकरांनीं त्यांस अन्नपाण्याबरोबर पादत्राणेंही दिलीं. जन्मभर डोंगर तुडविणाऱ्या पायांस फोड कां यावे, असा प्रश्न तेव्हां कित्येकांस पडला असेल. त्याचें उत्तर वर आलेंच आहे: रानवाटेची संवय असलेल्या कातडीस तापलेल्या डांबरी सडकेचें अखंड घर्षण नवें होतें.

आतां उपायांकडे वळूं. आपल्याकडे कुरुपावर बिब्बा लावणें, पात्यानें तासणें, तापलेल्या खिळ्यानें डागणें हे प्रकार पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. सुश्रुताच्या डागण्याची ही परंपरा असेलही. पण बिब्ब्यानें सभोंवतालची निरोगी कातडी जळते आणि अस्वच्छ पात्यानें जखम चिघळते. कुरुपाचें खरें औषध दाब काढणें हेंच होय: योग्य मापाचें, मऊ तळाचें पायतण, कोमट पाण्यांत पाय भिजवून कातडी हलक्या हातानें घासणें, आणि जरूर तर सॅलिसिलिक आम्लाचें मलम. दाब कायम ठेवून कुरूप कितीही वेळां कापलें, तरी तें परत येणारच. तळव्यावरची चामखीळ विषाणूपासून होते. तींत बारीक काळे ठिपके दिसतात, आणि ती दोन्ही बाजूंनीं चिमटली असतां दुखते. कुरूप सरळ दाबलें असतां दुखतें. फोड शक्य तोंवर फोडूं नये. स्वच्छ पट्टीनें झांकावा.

मधुमेही मनुष्यानें, किंवा ज्याच्या पायास बधिरपणा आहे अशानें, घरीं पातें अथवा आम्ल मुळींच वापरूं नये. त्याच्या पायांतील जखम त्यास कळतही नाहीं, आणि तीच पुढें पाय गमावण्यास कारण होते. तसेंच जी गांठ वाढत जाते, जिला तोंडें फुटतात, जिच्यांतून कण येतात, किंवा तळव्यावरचा जो काळा डाग पसरतो, तो विनाविलंब डॉक्टरांस दाखविला पाहिजे.

कदर, वल्मीक, मायसेटोमा, फोड ह्या सर्वांचा इतिहास एकत्र पाहिला असतां एक गोष्ट स्पष्ट होते. वैद्याचें शस्त्र अधिक सूक्ष्म होत गेलें, तरी ह्या गांठींपैकीं पुष्कळांचें मूळ रुग्णालयाबाहेर, वाटेंत आणि वहाणेंत आहे. सुश्रुतानें कारण म्हणून सांगितलेला खडा व कांटा अद्याप शेतांत आहेच. त्याच्या आणि तळव्याच्या मध्यें एक बरें पायतण असणें, ही चैन नसून आरोग्याची पहिली पायरी आहे.