मामेबहिणीशी विवाह (हिंदू कायदा)

हिंदू विवाह अधिनियम, १९५५ नुसार भाऊ-बहिणीच्या मुलांनी एकमेकांशी लग्न करणे निषिद्ध आहे. तरीही महाराष्ट्रात अनेक समाजांत मामाची मुलगी सून म्हणून घरात येते आणि ते लग्न कायदेशीर असते. कारण याच कायद्याच्या कलम ५ मध्ये रूढीला वाव ठेवलेला आहे.

या लग्नाच्या आड दोन अटी येतात. एक निषिद्ध नात्याची, दुसरी सपिंडतेची. सपिंडता मोजताना स्वतःची पिढी पहिली धरून आईकडून तीन व वडिलांकडून पाच पिढ्या वर जातात. मुलाच्या आईचे वडील तिसऱ्या पिढीत येतात. तेच मुलीच्या वडिलांचे वडील, म्हणून तिच्याही मर्यादेत येतात; असा समान पूर्वज असल्याने दोघे एकमेकांचे सपिंड ठरतात. दोन्ही अटी रूढीने शिथिल होतात, पण ती रूढी वधू आणि वर दोघांनाही लागू असावी लागते. शिवाय ती दीर्घकाळ अखंड व एकसारखी पाळलेली, निश्चित, आणि अवाजवी किंवा सार्वजनिक धोरणाविरुद्ध नसलेली असावी, असे कलम ३ सांगते.

हा वाद जुना आहे. मनुस्मृतीला हे लग्न अमान्य आहे. बौधायन मात्र दक्षिणेकडील लोकांचा आचार म्हणून त्याची नोंद करतो. मराठी मुलखात रूढी बहुधा एकाच बाजूने चालते: मामाची मुलगी करतात, आत्याची टाळतात. इरावती कर्वे यांनी आप्तसंबंधांच्या अभ्यासात हा भेद नोंदवला आहे. कर्नाटक, आंध्र, तमिळनाडूत काही समाजांत मामा-भाचीचे लग्नही होते.

रूढी सिद्ध करण्याची जबाबदारी ती सांगणाऱ्यावर असते. लग्नात कोणी पुरावा मागत नाही. प्रश्न उठतो तो पोटगीच्या किंवा वारशाच्या दाव्यात, आणि तेव्हा ओझे बहुतेकदा बायकोवरच पडते. वर्षानुवर्षे संसार केलेल्या बाईला समाजाची रूढी साक्षीदार आणून शाबीत करायला लावणे अन्यायाचे आहे. दिल्ली उच्च न्यायालयासमोर आलेल्या एका प्रकरणात सपिंड नात्यामुळे लग्न रद्दबातल ठरलेल्या स्त्रीने या तरतुदीलाच आव्हान दिले होते. २०२४ मध्ये न्यायालयाने तरतूद कायम ठेवली. रूढी सिद्ध झाली नाही तर लग्न मुळातच शून्य ठरते आणि एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मुले मात्र कलम १६ नुसार औरसच राहतात आणि आईवडिलांच्या मालमत्तेत त्यांना हक्क असतो.

विशेष विवाह अधिनियम, १९५४ खाली नोंदणी पद्धतीने लग्न करणाऱ्यांना दोघांपैकी एकाची रूढी पुरते.