चीनमधल्या थडग्यांचे दगडी पहारेकरी

आपण कार्ल्याला सहलीला जातो, चैत्यापुढचा सिंहस्तंभ पाहतो आणि डबे सोडून बसतो. त्याचा एक लांबचा भाऊ चीनमध्ये नानजिंग शहराबाहेर उभा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असेल.

चीनमध्ये राजा किंवा सरदार मेला की त्याच्या थडग्याकडे जाणाऱ्या वाटेवर दुतर्फा दगडी जनावरे उभी करीत. त्या वाटेला 'शेनदाव', म्हणजे आत्म्याची वाट म्हणत. बीजिंगजवळ मिंग राजांच्या वाटेवर तर २४ जनावरे आणि १२ माणसे आहेत. हत्ती काय, उंट काय! पण मला सांगायचे आहे ते त्याच्या कितीतरी आधीच्या लिआंग घराण्याचे (इ.स. ५०२ ते ५५७).

या घराण्याचा सम्राट वू हा पक्का बौद्ध. मांसाहार सोडलेला. ५१७ साली त्याने पूर्वजांच्या मंदिरातले पशुबळी बंद केले. अनेकदा राजवस्त्रे उतरवून तो विहारात सेवक होऊन राहिला आणि दरबाऱ्यांनी मोठी रक्कम विहाराला देऊन त्याला परत आणला.

त्याचा चुलतभाऊ शिआव जिंग ५२३ साली वारला. त्याच्या वाटेवरचा पंखवाला सिंह एकाच दगडातला, दोन माणसांएवढा, छाती पुढे काढून जीभ लोंबवत उभा आहे. सिंह हा चीनमधला प्राणीच नव्हे. तो पश्चिमेकडून गेला. शेजारी वीस फुटांहून उंच खांब, त्याला उभ्या खाचा, माथ्यावर कमळाची चकती आणि तिच्यावर छोटा सिंह. यात अशोकस्तंभाची छाया अनेक अभ्यासकांना दिसते. सम्राटाच्या बापाच्या थडग्यापुढे दोन खांब आहेत. एकावरची अक्षरे सरळ, दुसऱ्यावर तीच आरशात पाहावी तशी उलटी.

आता इथे मला खटकते. तथागतांनी आत्मा नाकारला आणि हा बौद्ध राजा भाऊबंदांसाठी आत्म्याची वाट बांधू देतो! बोधिधम्माची एक दंतकथा आहे. एवढे विहार बांधले, मला किती पुण्य लागले, असे वूने विचारले. काहीच नाही, असे उत्तर मिळाले. कथा खरी असो-नसो, ज्याने रचली त्याला राजा बरोबर कळला होता. ५४९ साली बंडखोर हौ जिंगने राजधानी घेतली आणि म्हातारा सम्राट आपल्याच राजवाड्यात कैदेत, उपासमारीत मेला. दगडी सिंह मात्र पुढे शतकानुशतके शेतांत उभे राहिले.

त्या खांबावर नाव आहे ते मेलेल्या सरदाराचे. दगड फोडणाऱ्याचे, ओढणाऱ्याचे नाही. मी मागावर उभा राहिलेला माणूस. ताग्यावर मिलचा शिक्का असतो, विणणाऱ्याचे नाव नसते, हे मला कुणी शिकवायला नको. म्हणून कार्ल्याला पुढच्या वेळी जाल तेव्हा डबा जरा उशिरा सोडा. चैत्याच्या दाराशी ब्राह्मी अक्षरांत एक ओळ आहे. धेनुकाकटच्या सामि नावाच्या सुताराने हे दार केले, असे तिथे कोरले आहे. बापाचे नावसुद्धा दिले आहे. पोरांना तेवढे दाखवा.