रेणूंचे अदृश्य कवच

पायातील अरुंद झालेल्या रक्तवाहिनीत बसविण्यात येणारी धातूची जाळी, म्हणजेच स्टेंट, बहुधा 'निटिनॉल' या मिश्रधातूची असते. घडी करून आत सोडलेली ही जाळी शरीराच्या उष्णतेने आपला मूळ आकार धारण करते. मात्र निटिनॉलच्या वजनात सुमारे ५५ टक्के निकेल आणि उरलेले टिटॅनियम असते. निकेलची अनेकांना ॲलर्जी असते. हे निकेल रक्तात झिरपू न देण्याचे काम पृष्ठभागावरील टिटॅनियम ऑक्साईडचा अतिसूक्ष्म थर करतो. त्यावर अवघ्या एका रेणूच्या जाडीचे आणखी एक कवच चढविण्याचे तंत्र म्हणजे 'स्वयंरचित रेणुपटल'.

या पटलातील प्रत्येक रेणूला एक 'डोके' आणि कार्बन अणूंच्या साखळीची 'शेपटी' असते. धातू द्रावणात बुडविला की डोकी पृष्ठभागाला चिकटतात आणि शेपट्या दाट पिकाप्रमाणे एकमेकींना बिलगून उभ्या राहतात. ही रचना रेणू आपणहून करतात, म्हणून ते स्वयंरचित. पटलाची जाडी साधारण १ ते ३ नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी कमी असते.

वॉशिंग्टनच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत विल्यम झिस्मन व सहकाऱ्यांनी १९४६ मध्ये प्लॅटिनमवर अशी पटले तयार केली. १९८३ मध्ये बेल प्रयोगशाळेतील राल्फ नुझो व डेव्हिड अलारा यांनी गंधकयुक्त रेणू सोन्यावर शिस्तबद्ध रचले जातात, हे दाखविले. या शोधानंतर संशोधनाला वेग आला.

सोन्याची ही युक्ती मिश्रधातूंवर मात्र तशीच चालत नाही. सोन्यावर सहसा ऑक्साईड नसते. निटिनॉल किंवा स्टेनलेस स्टील हवेत येताच त्यावर ते तयार होते. गंधकाची पकड अशा थरावर सैल पडते. तेथे फॉस्फॉनिक आम्लाचे रेणू उपयोगी ठरतात. द्रावणातून काढलेला धातू तापविला की हे रेणू ऑक्साईडशी रासायनिक बंधाने जोडले जातात. नंतर तो द्रावकात धुतला जातो. नुसते टेकलेले रेणू वाहून जातात, बांधले गेलेले टिकून राहतात.

शेपटीचे टोक बदलले की पृष्ठभागाचा स्वभावही बदलतो. एका प्रकारात पाण्याचा थेंब गोल होऊन ओघळतो, तर दुसऱ्या प्रकारात टोकाला औषध किंवा प्रथिन जोडता येते. मूळ धातूची ताकद व लवचिकता मात्र कायम राहते.

खरी कसोटी टिकाऊपणाची आहे. शरीरातील खारट, उबदार द्रवात हे बंध हळूहळू सुटू शकतात. मिश्रधातूचा पृष्ठभाग सर्वत्र एकजिनसी नसल्याने पटलात उणी जागा राहू शकते. स्टेंट दुमडताना त्याला तडाही जाऊ शकतो. गंजाला शिरकाव करण्यास तेवढी फट पुरते. त्यामुळे पटल किती दाट जमले, याइतकेच ते रक्तप्रवाहात किती काळ तग धरते, हेही महत्त्वाचे ठरते.