स्वतःची कल्हई स्वतः करणारं भांडं

भांड्यावर नाव आणि तारीख घालायची आपल्याकडची पद्धत इतिहासाच्या दृष्टीने फार सोयीची आहे. घरातली जुनी माणसं सालाबाबत हमखास वाद घालतात, भांडी घालत नाहीत. आमच्या घरातली सगळ्यात जुनी तारीख एका पितळी परातीवर आहे, १९३८ ची. मग पुढची वीसेक वर्षं तांबं आणि पितळच: हंडे, घंगाळ, पातेली, तपेल्या, पितळ्या. १९६३ च्या एका लग्नातला एकच स्टीलचा डबा आहे आणि त्यावर देणाऱ्याचं नाव चांगलं ठसठशीत आहे! (महाग वस्तू दिल्यावर एवढं व्हायचंच.) आणि १९७८ च्या मुंजीपासून पुढे सगळं स्टील. म्हणजे पंधरा-वीस वर्षांत स्वयंपाकघराचा धातूच बदलला. आणि याबद्दल कुणी फारसं लिहिलेलं दिसत नाही.

हल्ली उलटा प्रवास सुरू आहे. आमच्याकडची तरुण मंडळी स्टील काढून पुन्हा तांब्यापितळेचा संसार मांडायचं म्हणतायत आणि आजीची पातेली कुणी न्यायची यावर फोन चालू आहेत. म्हणून म्हटलं, ती पातेली गेली कशी ते आधी लिहून ठेवावं.

पितळेची अडचण म्हणजे आंबट. आणि आपलं जेवण तर सगळं आंबट. चिंचेची आमटी, कोकमाचं सार, ताक, दह्यातली कोशिंबीर. उघड्या पितळेत ठेवलं की तासाभरात कळकणार. 'कळकणे' हे क्रियापद नव्या पिढीला माहीतच नाही, कारण स्टीलमध्ये काही कळकत नाही. पितळेतलं तांबं आंबटाने सुटतं, पदार्थाला ती विशिष्ट कडवट-तुरट चव येते आणि पोटात गेलं तर मळमळ, उलट्या. यावर उपाय कल्हईचा.

दारात खड्डा करून कल्हईवाला भट्टी लावायचा आणि भात्याने कोळसे फुलवायचा. भांडं तापलं की आत नवसागराची पूड, पांढऱ्या धुराचा लोट, मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने झर्रकन पुसून घेणं. काळपट भांडं दोन क्षणांत चांदीसारखं. आम्हा मुलांना ती जादू वाटायची. पण कथील २३२ अंशालाच वितळतं. रिकामं भांडं चुलीवर राहिलं तर कल्हई गेली, उलथन्याने खरवडलं तर गेली, आणि रोजच्या घासण्याने तर जातच होती. दर काही महिन्यांनी पुन्हा भट्टी. शिवाय बाहेरून रोज चिंच आणि राख. हे घासणं कोण करत होतं हे सांगायला नकोच. आजीच्या बोटांच्या टोकांना चिंचेने पडलेल्या भेगा ज्यांनी पाहिल्यात त्यांना तांब्यापितळेच्या वैभवावरचे लेख वाचताना जरा वेगळंच वाटतं.

मधल्या काळात अॅल्युमिनियम आलं. मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याची भांडी करायला सुरुवात केली होती. आपल्याकडे त्याला 'जर्मन' म्हणायचे. हलकं, स्वस्त, पटकन तापणारं. पण आंबट त्यालाही सोसत नाही, आणि त्याला मानही नव्हता. पाहुण्यांपुढे जर्मनची ताटली कुणी ठेवत नसे.

स्टीलचा जन्म मात्र स्वयंपाकघरापासून फार लांबचा. इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली नावाचा संशोधक बंदुकीच्या नळ्या झिजू नयेत म्हणून पोलादात क्रोमियम घालून बघत होता. ऑगस्ट १९१३ मध्ये त्याने ओतलेल्या पोलादात सुमारे १२.८ टक्के क्रोमियम होतं. तपासणीसाठी ते आम्लाने कोरायला गेला तर आम्ल लागेचना. मग त्याने व्हिनेगर आणि लिंबाचा रस लावून बघितला, तरी डाग नाही! शेफील्ड म्हणजे सुऱ्या-काट्यांचं गाव. ब्रिअर्लीला लगेच सुऱ्या दिसल्या, पण सुरीवाले तयार होईनात. 'न कापणाऱ्या सुऱ्या करणारा माणूस' अशी त्याची थट्टा झाली. 'स्टेनलेस' हा शब्दही तिथल्याच एका सुरी कारखान्याचा व्यवस्थापक अर्नेस्ट स्टुअर्ट याने सुचवला. त्याच सुमारास, १९१२ मध्ये, जर्मनीत क्रुप कंपनीत श्ट्राउस आणि माउरर यांनी निकेल-क्रोमियमच्या पोलादाची पेटंटं घेतली होती. आपल्या डब्यांचं १८/८ स्टील, म्हणजे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल, हे त्याच घराण्यातलं. त्याचं श्रेय शेफील्डच्याच हॅटफील्ड यांना, १९२४ च्या सुमाराचं, दिलं जातं.

यातलं मला सगळ्यात आवडतं ते असं. क्रोमियम हवेतल्या प्राणवायूशी मिळून पृष्ठभागावर एक अतिशय पातळ, डोळ्यांना न दिसणारा थर तयार करतो. घासताना ओरखडा पडला तरी हवा लागताच तो थर पुन्हा तयार होतो. म्हणजे भट्टी नाही, नवसागर नाही, भांडं आपली कल्हई आपणच करतं.

आपल्याकडे सुरुवातीला ते फार महाग होतं. पुढे तमिळनाडूत सेलमचा सरकारी कारखाना १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सुरू झाला. १९८८ पासून तर आपली १०, २५ आणि ५० पैशांची नाणीसुद्धा स्टेनलेस स्टीलची झाली. भाईंदरला भांड्यांचे कारखाने होते. मुंबईत पायधुणीच्या बाजाराचं नाव अजून तांबाकाटा, पण दुकानांतून झळकतं ते बहुतेक स्टील. आणि घरोघरी पोचवलं बोहारणीने. डोक्यावर पाटी, त्यात चकचकीत डबे, आणि दोन पँटी आणि एका जरीच्या साडीवर अर्धा तास घासाघीस. रोख पैसा हातात नसलेल्या बाईला घरातल्या जुन्या कपड्यांतून, कुणाला न विचारता, डबा मिळवता येत होता. आमच्या आईच्या निम्म्या डब्यांची किंमत अशी वडिलांच्या शर्टांत मोजलेली आहे :-)

पण एक गोष्ट या सौद्यात गेली. पितळेला मोड होती. अडीअडचणीला हंडा मोडीत घातला तर बऱ्यापैकी पैसे यायचे. ती बायकांची एक प्रकारची ठेवच होती. स्टीलला मोडीत फारसं काही येत नाही. पितळ मोडून स्टील घेतलेल्या बायकांनी ठेव देऊन रोजचा एक तास विकत घेतला. मला तो सौदा तोट्याचा वाटत नाही. तोटा झाला तो कल्हईवाल्याचा, आणि पुण्याच्या कसब्यातल्या तांबट आळीचा. पेशवाईत कोकणातून आलेल्या त्या त्वष्टा कासारांच्या मठारकामाचा ठोक एकेकाळी आख्ख्या आळीत घुमायचा.

आता पुन्हा पातेल्यांकडे. स्टीलवर खरी टीका करायची तर ती वेगळीच आहे: ते उष्णता वाहून न्यायला आळशी आहे. तांब्याच्या साधारण पंचविसाव्या हिश्श्याइतकंच. म्हणून पातळ स्टीलच्या पातेल्यात मध्यभागी दूध लागतं आणि कडेला कोमट असतं. तांब्याच्या बुडाची भांडी याचसाठी आली, आणि आताची तीन थरांची भांडीही, ज्यांच्या पोटात अॅल्युमिनियमचा पत्रा असतो. थर बुडापुरताच नाही, काठापर्यंत असेल तर उत्तम. घेताना लोहचुंबक लावून बघणाऱ्यांना सांगायला हवं की चांगल्या १८/८ ला चुंबक चिकटत नाही, पण निकेल कमी करून मँगनीज घातलेल्या स्वस्त स्टीलला, ज्याला दोनशे सिरीज म्हणतात, त्यालाही चिकटत नाही. त्यामुळे ती परीक्षा अपुरी. ३०४ चा शिक्का बघावा आणि आय.एस.आय. चिन्हही. स्टीलच्या भांड्यांना ते बंधनकारक करणारा आदेश केंद्र सरकारने २०२४ मध्ये काढलाय. इंडक्शनसाठी मात्र बुडाला चुंबक चिकटायलाच हवा.

वापरताना आधी भांडं तापू द्यायचं. पाण्याचा थेंब न चरचरता मोत्यासारखा धावला की आच कमी करून तेल, म्हणजे पोहे चिकटत नाहीत. मीठ थंड पाण्यात टाकून तळाशी बसू देऊ नका, पाणी उकळल्यावर घाला. नाहीतर बारीक खड्डे पडतात. त्या न दिसणाऱ्या थराला एवढं एकच शत्रुत्व, मिठाचं. म्हणून लोणचं अजूनही चिनी मातीच्या बरणीतच. करपलं तर पाणी घालून उकळा, तारेच्या घासणीने तासू नका. पांढरे डाग लिंबाच्या सालीने जातात, जी पितळेला लावायला आजी बागेतली कागदी लिंबं संपवायची तीच.

भाचीला दोन पितळी पातेली देतोय. दूध आटवायला आणि खिरीला त्यांच्यासारखं काही नाही. कल्हई करून घेतली आहे, आणि ती ताकाला वापरायची नाहीत असं बजावलंय. बाकीच्यांनी कुणाला काय हवं ते दिवाळीआधी कळवा. फक्त घासणार कोण, ते त्याच निरोपात लिहा.