करार कायद्याचा वऱ्हाडातील प्रवास आणि सनदी लेखापाल परीक्षेचा ऑनलाइन अभ्यास : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना

सनदी लेखापाल परीक्षेच्या फाउंडेशन टप्प्यावर व्यवसाय कायदे हा अनिवार्य विषय आहे. २०२४ पासूनच्या योजनेत ही प्रश्नपत्रिका पूर्ण १०० गुणांची झाली. आधीच्या योजनेत कायद्याच्या वाट्याला ६० गुण होते. २०२० च्या महासाथीनंतर ऑनलाइन वर्ग रूढ झाल्याने वणी, पुसद वा दारव्हा येथील विद्यार्थ्यालाही शहरात न जाता हा विषय अभ्यासणे शक्य झाले. मात्र पडद्यावर करार कायदा येतो तो कलमे, व्याख्या आणि खटल्यांची नावे यांची जंत्री होऊन. वास्तविक या कायद्याला विद्यार्थ्याच्या स्वतःच्या जिल्ह्यात इतिहास आहे. प्रस्तुत निबंधात त्याचा थोडक्यात परामर्श घेतला आहे.

कायद्याचे आगमन

भारतीय करार कायदा १ सप्टेंबर १८७२ रोजी अमलात आला. वऱ्हाड प्रांत १८५३ च्या तहान्वये ब्रिटिश प्रशासनाखाली आला असला, तरी त्यावरील सार्वभौमत्व नाममात्र का होईना निजामाचे होते. त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे येथे आपोआप लागू होत नसत. सरकारच्या स्वतंत्र आदेशांनी ते लागू करावे लागत. पूर्वी वूण म्हणजे वणी या नावाने ओळखला जाणारा जिल्हा १९०५ मध्ये यवतमाळ झाला, तेव्हाही हीच व्यवस्था होती. पुढे १९४१ च्या वऱ्हाड कायदे अधिनियमाने करार कायदा वऱ्हाडास रीतसर विस्तारित केला. दरम्यान या कायद्यातील मालविक्रीचे प्रकरण १९३० मध्ये आणि भागीदारीचे प्रकरण १९३२ मध्ये वेगळे होऊन त्यांचे स्वतंत्र कायदे झाले. आज विद्यार्थी हे तिन्ही कायदे एकाच प्रश्नपत्रिकेसाठी वाचतो.

कापूस, कर्ज आणि मुक्त संमती

कलम १० नुसार वैध करारास पक्षकारांची मुक्त संमती आवश्यक असते. पेरणीच्या तोंडावर बियाण्यासाठी सावकाराच्या दारी उभ्या राहणाऱ्या कास्तकाराची संमती कितपत मुक्त, हा प्रश्न कापूसपट्ट्यात केवळ पुस्तकी नव्हता. १८७५ च्या दंग्यांनंतर झालेला १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आरंभी पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांपुरता होता; वऱ्हाड त्याबाहेर राहिले. १८९९ मध्ये अनुचित प्रभावाविषयीचे कलम १६ नव्याने लिहिले गेले. एक पक्ष दुसऱ्यावर वर्चस्व गाजवू शकत असेल आणि व्यवहार उघडच अन्यायकारक असेल, तर प्रभाव टाकला नाही हे सिद्ध करण्याचा भार त्या वर्चस्व असलेल्या पक्षावर आला. मध्य प्रांत व वऱ्हाडात १९३३ मध्ये कर्जतडजोडीचा आणि १९३४ मध्ये सावकारीचा कायदा झाला. सावकाराने बेकायदा व्यवहारातून घेतलेली जमीन परत करविण्याची तरतूद महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यात आहे.

बाजारपेठेचीही कथा अशीच आहे. १८९७ च्या वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायद्याने अडते, दलाल व मापारी यांच्या व्यवहारांवर नियमन आणले. देशातील नियंत्रित बाजारपेठांचा तो आद्य नमुना मानला जातो. करारस्वातंत्र्याला बाजारनियमांची चौकट असावी, हे तत्त्व त्यातून रुजले. पैजेचे करार निरर्थक ठरविणारे कलम ३० देखील कापसाच्या सट्ट्याच्या उदाहरणाने चटकन उमगते : प्रत्यक्ष माल देण्याघेण्याच्या हेतूने केलेला वायदा वैध, केवळ भावातील फरक चुकविण्याची पैज मात्र निरर्थक.

अध्यापनाची दिशा

अज्ञान व्यक्तीच्या करारासंबंधी १९०३ चा मोहरीबीबी खटला प्रत्येक विद्यार्थी पाठ करतो; त्याच्या मुळाशी सावकाराने करून घेतलेले गहाणखत होते, हे मात्र क्वचितच ध्यानात येते. परीक्षेचे माध्यम इंग्रजी वा हिंदी. घरचा व्यवहार मराठीत आणि बहुधा तोंडी. हे अंतर ऑनलाइन वर्ग स्वतःहून मिटवू शकत नाही. त्यासाठी महाविद्यालयांतील वाणिज्य व इतिहास विभागांनी एकत्र येऊन गहाणखत, अडतपट्टी, सौदाचिठ्ठी यांसारखे स्थानिक दस्तऐवज कलमांच्या जोडीने वर्गात मांडणे उपयुक्त ठरेल.

निष्कर्ष

वऱ्हाडात करारस्वातंत्र्याचे तत्त्व बाहेरून आले; विषम पक्षकारांमधील न्यायाचा प्रश्न मात्र येथल्या शेतात व बाजारात सतत उभा राहिला. उद्याचा लेखापाल याच जिल्ह्यातील पतसंस्था, जिनिंग आणि अडतदुकानांचे हिशेब तपासणार आहे. कागदावरील सहीमागची परिस्थिती ओळखण्याची दृष्टी त्याला लाभली, तरच या विषयाचे अध्ययन सार्थ म्हणता येईल.