खासगी आणि दौलत



इंदूरमध्ये ‘खासगी’ हे केवळ विशेषण नाही. ते एका वहीचे नाव आहे. १७३४ साली पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई होळकर यांना स्वतंत्र जहागीर लावून दिली आणि होळकरांच्या जमाखर्चाला दोन बाजू झाल्या. राज्याचा, फौजेचा पैसा तो दौलतीचा. बाईसाहेबांच्या अधिकारातला तो खासगीचा. पुढे ही खासगी अहिल्याबाईंकडे आली आणि तिच्यातून देशभर घाट व मंदिरे उभी राहिली. १९६२ साली त्यांच्या व्यवस्थेसाठी न्यास झाला, त्याच्याही नावात हा शब्द टिकला. एका वहीतले दुसऱ्या वहीत परस्पर जायचे नाही, हे या व्यवस्थेचे मर्म. ‘खासगी माहिती’ असे आपण आज म्हणतो तेव्हा, माझ्या मते, नेमकी हीच अपेक्षा असते.

ती कशी मोडते, ते सांगतो. गेल्या वर्षी माझी एक मुदत ठेव पिकली. तिसऱ्या दिवशी ऐन दुपारी विमा विकणाऱ्या एका मुलीचा फोन आला. तिला माझे नाव, वय आणि ठेवीची रक्कमसुद्धा ठाऊक होती. हे कोणी सांगितले, असे विचारता ती म्हणाली, ‘सर, सिस्टम में दिख रहा है।’ त्या मुलीवर माझा राग नाही; पोटासाठी ती समोरच्या यादीतले आकडे फिरवीत होती. यादी तिच्यापुढे कोणी ठेवली, हा खरा प्रश्न. तीच यादी उद्या एखाद्या भामट्याच्या हाती पडली, तर आमच्या वयाच्या माणसाची आयुष्यभराची पुंजी एका दुपारीत जाऊ शकते.

पेढीने गिऱ्हाइकाची गोष्ट बाहेर बोलू नये, हे तत्त्व जुने आहे. आणि गंमत अशी की, त्याला न्यायालयात स्पष्ट रूप मिळाले तेही एका टेलिफोनमुळेच. लंडनमधील टूर्निये नावाच्या खातेदाराकडे बँकेचे नऊ पौंडांहून थोडे अधिक येणे होते. त्याचा पत्ता काढण्यासाठी शाखाधिकाऱ्याने त्याच्या मालकाला फोन केला आणि बोलता बोलता त्याच्या पैजेच्या व्यवहारांचाही उल्लेख केला. टूर्नियेची नोकरी गेली. १९२४ चा म्हणून कायद्याच्या ग्रंथांत नोंदलेल्या या खटल्यात अपील न्यायालयाने ठरविले की, गुप्तता राखणे हे बँकेचे कर्तव्यच आहे आणि खाते बंद झाल्यानेही ते संपत नाही. मात्र न्यायालयाने चार अपवाद सांगितले. त्यांतला शेवटचा म्हणजे ग्राहकाची उघड वा गर्भित संमती. पुढे सारा बाजार आत शिरला तो या चौथ्या दारातून. अर्जाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत ‘आमच्या सहयोगी संस्थांना माहिती देण्यास हरकत नाही’ असे छापले की काम झाले!

आपल्याकडेही १९७० च्या बँक राष्ट्रीयीकरणाच्या कायद्यात गुप्ततेचे कलम होते. पण तेव्हा दूरध्वनीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. छापील डिरेक्टरीत आपले नाव आले की उलट अभिमान वाटे. मोबाइलवर येणारे कॉल २००३ मध्ये मोफत झाले, करणाऱ्याचाही खर्च उतरत गेला आणि त्या यादीला बाजारभाव आला. २००७ साली दूरसंचार नियामकाने ‘फोन करू नका’ अशी नोंदवही उघडली. २०११ मध्ये विक्रीच्या फोनांना १४० ने सुरू होणारे क्रमांक नेमले. २०१८ मध्ये पुन्हा नवे नियम केले. पण नकार नोंदवायचा तो त्रास झालेल्यानेच! दाराशी चोर नको असेल तर तसा अर्ज करा, असाच हा प्रकार.

पारडे फिरले ते २०१७ साली. नव्वदी ओलांडलेले निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणाला मूलभूत हक्क मानले. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने त्या चौथ्या दाराला उंबरठा घातला: संमती मुक्त, विशिष्ट हेतूपुरती आणि समजून दिलेली हवी, हेतू बदलला की ती पुरत नाही. होळकरांच्या दोन वह्यांची आठवण मला येते ती इथे. (सरकारला मात्र याच कायद्याने सढळ हाताने सवलती दिल्या, हे मला खटकते.)

भाषेच्या माणसाला त्यातले एक कलम विशेष वाटते. संमतीची मागणी आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय ग्राहकाला द्यावा लागेल; म्हणजे इंदुरातला मराठी माणूसही ती मराठीत मागू शकेल. आपल्या जुन्या दस्तांत ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून देतो’ असे शब्द असत. नुसती राजीखुशी पुरत नसे. सही करणाऱ्याची अक्कल जागी आहे, हेही लिहावे लागे. नोव्हेंबर २०२५ मध्ये या कायद्याचे नियम निघाले आणि मुख्य कर्तव्यांसाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. त्या संमतिपत्रांचे मराठी कोण लिहिणार, हा प्रश्न मी या सभागृहात बसलेल्या वकील आणि बँक अधिकारी माजी विद्यार्थ्यांपुढे ठेवतो.